न बोलता सोडलेली गाडी

(शब्बीर मिस्त्री, आळेफाटा. गाड्यांचे पाटे बसवतात. बोलले तसं उतरवलं आहे.)

मी मूळचा जुन्नरचा. आमचे अब्बा टांग्याखालच्या लोखंडी कमानी करायचे, वझं झेलणाऱ्या, भट्टी घरापुढंच व्हती, टांगे संपले तशी भट्टी थंड झाली, मंग अब्बांनी मला फाट्यावर एका ट्रकवाल्या मिस्त्रीच्या हाताखाली धाडलं, म्हणले लोखंड तेच हाय बेटा, फक्त घोडं गेलं. तवापासनं मी पाट्यांतच हाय. पाटे म्हंजी गाडीच्या मागल्या चाकांवर त्या पोलादाच्या वाकड्या पट्ट्या आसत्यात ना, एकीवर एक, त्याच. समदं वझं त्येंच्यावर. इंजिनचं मला इचारू नका, त्यातलं ओ की ठो कळत न्हाई.

आन् काय सांगू तुमाला, माझा सोभावच भित्रा. गाडी दुकानातनं गेली की माझ्या पोटात गोळा. इंजिनवाल्याचं बरं आसतं राव, इंजिन बिघडलं तर गाडी जाग्याला हुबी ऱ्हाती, पाटा दगा देतो तो घाटात, भरल्या गाडीला. आन् आमच्या धंद्यात काम चांगलं झालं तर माणूस सांगाया येत न्हाई, वाईट झालं तरच येतो, न्हाईतर त्याचे भाऊबंद येत्यात. म्हणून मी परतेकाला सांगतो, बाबा, नवा पाटा घातलाय, भरल्या वझ्यानं एक फेरी मार आन् परत ये, बोल्ट आवळून घे. कारण नवे पाटे पहिल्या वझ्याखाली एकमेकांवर दबून बसत्यात, आन् ते दबले की त्येंना धरणारे यू-बोल्ट ढिले पडत्यात, मंग आख्खा एक्सल जागा सोडतो. हे मी तीनतीनदा सांगतो, गाडी चालू झाली तरी खिडकी धरून सांगतो. आमची बायको म्हणती, तुमी गाडी सोडता का लेक सासरी धाडता? फाट्यावर तर घाबऱ्या मिस्त्री हेच नाव पडलंय.

तर दत्ताचं सांगत व्हतो. दत्ता पिंपळवंडीचा, मांडववाला, आन् त्याची बायको भांड्यांचं आन् झुंबरांचं बघती, दोघं मिळून धंदा. पिकअप त्याची चांगली, पण लगीनसराईत कवातरी मागं जनरेटरचा गाडा जोडावा लागायचा. रोज न्हाई, महिन्यातनं दोन-तीनदा. त्या दिवशी गाडीचं बूड खाली अन् तोंड आभाळाकडं, इष्टेरिंग हातात हाय का न्हाई कळायचं न्हाई. मला म्हणला, मिस्त्री, चांगले तीन-चार पाटे ठोका. मी म्हणलं, येड्या, आसं केलं तर रिकामी गाडी बकरीवाणी उड्या मारील, तुझ्या बायकोच्या, म्हंजी आमच्या वहिनीच्या, काचेच्या झुंबरांचा चुरा व्हईल. हसला. मंग मी एक पाटा वाढवला, आन् वर एक जाड पाटा आसा बसवला की रिकाम्या गाडीला तो लागायचाच न्हाई, जनरेटर जोडला की मगच टेकायचा. थर वाढला म्हणून यू-बोल्ट लांब घातले, नवे. काम फस्क्लास झालं, आजबी सांगतो.

गाडी न्यायला आला तवा सकाळची येळ, समोर चहाच्या टपरीवर समदी मंडळी. मी हात पुसत पुसत तिकडं निघालो, तर दत्ता माझीच नक्कल करतोय. आशी मान वाकडी, छातीवर हात, भाऊ जपून जा, भाऊ परत ये, भाऊ माझ्या पोटात गोळा आला. समदे खो खो हसत्यात, चहावाला सुदीक. मीबी हसलो. पण लागलं हो. पन्नाशी उलटलेला माणूस मी, केस पिकले, आन् लोकांनी तमाशा करावा? मनात म्हणलं, जा, आज न्हाई सांगत. किल्ली दिली, एक शब्द बोललो न्हाई. दत्ता माझ्या तोंडाकडं जरा बघत बसला, मंग गेला.

दुपारी त्याच्या गावचा एक जण हवा भराया आला, म्हणला दत्ता आणे गावाला गेला, लगीन हाय, गाडी काठोकाठ भरलीय, मागं जनरेटर, आन् वझ्यावर पाच माणसं बसवलीत, वहिनी पुढं क्याबिनमधी. आण्याला म्हंजी घाट चढायचा. पहिलंच वझं, आन् तेबी एवढं! फोन लावला, उचलंना. परत लावला, उचलंना. अल्ला, आता काय करू? पाना घेतला, जोर याया त्याला लावायचा लांब पाईप घेतला, मोटरसायकलीला बांधला आन् निघालो, दुकान उघडंच.

बेल्हं गेलं, घाट लागला. परतेक वळणाला मी गाडी हळू करून खाली दरीत बघायचो. बघवत न्हाई आन् बघितल्याबिगर पुढं जाववत न्हाई. मनात सारखं एकच, दोन मिन्टं लागली आसती रे सांगाया, दोन मिन्टं. एका वळणावर माणसं जमलेली, कडंला दत्ताच्यासारखीच पांढरी पिकअप. मोटरसायकल स्टँडवर न लावता तशीच आडवी टाकली. जवळ जाऊन बघतो तर टोमॅटोची गाडी, पंक्चर. तिथंच दगडावर बसलो, एक जण म्हणला, बाबा, पाणी देऊ का?

आण्यात पोचलो तर गाडी लगीनघरापुढं हुबी, माणसं बांबू उतरवत्यात, समदे धडधाकट, वहिनी भांडी मोजत्यात. दत्ता म्हणला, आरं मिस्त्री, पावणं म्हणून आलात काय? मी रामराम न्हाई, काय न्हाई, सरळ गाडीखाली गेलो. डावीकडचा मागला नट चिमटीत धरला. पाना लावायचं काम न्हाई पडलं. बोटांनी फिरला.

मी म्हणलं, दत्ता, खाली ये. तो आला, माझ्या शेजारी मातीत उताणा पडला. त्याचा हात धरून मी त्या नटावर ठेवला. फिरव म्हणलं. त्यानं फिरवला. त्या बाजूचे चारीच्या चारी तसेच. मंग दत्ता म्हणला, मिस्त्री, तुमी समद्या दुनियेला सांगता, मला का न्हाई सांगितलं? मी म्हणलं, तू हसत व्हतास. तर म्हणला, हसत व्हतो, पण ऐकत बी व्हतो ना. तुमी काय बोलला न्हाईत म्हणून मला वाटलं या वख्ताला काम एकदम पक्कं हाय, घाबऱ्या मिस्त्री गप हाय म्हंजी भ्याचं कामच न्हाई. म्हणून तर पाच माणसं वर बसवली.

आसं म्हणला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू, गाडीखाली पडून रडलो. मंग पाईप लावून दोन्ही बाजूंचे आठी नट आवळले. जाताना पाच माणसं मी येष्टीनं पाठवायला लावली, वहिनींनी जेवल्याबिगर सोडलं न्हाई.

आता गुडघे दुखत्यात, गाडीखाली जायला येळ लागतो. पण सांगायचं सोडलं न्हाई. उलट आता चारदा सांगतो. टपरीवर अजून नक्कल व्हती माझी, परवाच कुणीतरी केली, हुबेहूब. मी आपला चहा घेतो आन् मोजतो, माझं बोल्टाचं सांगणं एवढ्या जणांना तोंडपाठ हाय म्हणून. हसा म्हणलं बाबांनो, पोट धरून हसा, आन् हसत हसत समदे आपापल्या घरी पोचा.