डोक्यातली अळी

कल्याणला मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेलो. शेजारच्या बाकावर एक तरुण मुलगी आणि तिची आत्या. मुलीच्या मांडीवर स्कॅनचं पाकीट.

“दीप्ती, रविवारी ठाकुर्लीचे पाहुणे तुला बघायला येतायत. फिटबद्दल चकार शब्द काढायचा नाहीस.”

“काढणार, आत्या. डोक्यात जंताची अळी होती, गोळ्यांनी मेली, हेही सांगणार.”

“डुकराचा जंत म्हटलं की नाक मुरडतील. म्हणतील, हे लोक डुक्कर खातात.”

“खातो. नीट शिजवून खातो, चोरून नाही. पण डॉक्टर काय म्हणाले? डोक्यात जातात ती अंडी माणसाच्या घाणीतून भाजीवर येतात. रुळाशेजारची, गटाराच्या पाण्यावरची मेथी तेही खातात ना? जगभर होतं हे, डुक्कर न खाणाऱ्यांनाही.”

“आणि मुलगा नाही म्हणाला तर?”

“तर सुटले. असला माणूस मला फिट आल्यावर चप्पल हुंगवत बसेल. तू हुंगवलीस तशी.”

“अगं, घाबरलेले मी!”

“घाबरलेलीस, तरी अंगारा घेऊन आलेल्या शेजारणीला कुणी हाकललं?”

“मीच. आपल्या घरात अंगारा? बुद्धविहारात काय तोंड दाखवलं असतं?”

“मग आता कसली लाज?”

आत्यानं तिच्या मांडीवरचं पाकीट सरळ केलं.

“ते पाकीट दुमडू नकोस. पाहुण्यांना फोटो नीट दिसायला हवा.”