शोकेसमागचा चित्रकूट

मंडळी, ऐका. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, हार घालून झाला. आता आख्यान. पण त्याआधी एक प्रश्न विचारते. उत्तर मनातच द्या; शेजारी घरची माणसं बसली असतील तर मोठ्यानं मुळीच देऊ नका!

तुमचं घर कुणासारखं दिसतं?

तुमच्यासारखं? की शेजाऱ्यांच्या घरासारखं? की फोनवर बोटानं वर सरकवत सरकवत पाहिलेल्या कुठल्यातरी घरासारखं? घर लावायचं म्हणजे नेमकं काय करायचं – नवं काय आणायचं ते ठरवायचं, की आपल्या घरात कोण कुठं बसतं, कुठं उभं राहतं, ते आधी बघायचं?

रामनवमीचे दिवस आहेत. तुम्हाला वाटेल, आता बाई राजवाड्याचं वर्णन करणार. सोन्याचे खांब, रत्नांच्या कमानी... नाही. आज मी एका खोलीचं आख्यान लावणार आहे. दहा बाय चौदाची खोली, आपल्याच कऱ्हाडातली, सोमवार पेठेतली. तिथं राहत होते माझे वडील. तुम्ही त्यांना त्र्यंबकबुवा म्हणायचात. याच देवासमोर, याच जागी ते एक्केचाळीस वर्षं रामनवमीच्या कीर्तनाला उभे राहिले. पेटीवर हे हणमंतकाका आहेत, ते तेव्हाही होते. माझ्या सांगण्यात काही चुकलं तर ते सुरातून सांगतील.

तर त्या खोलीत काय होतं? सांगण्यासारखं काही नाही, हेच सांगायचंय! शहाबादी फरशी. एक चटई, गुंडाळून उभी केलेली. एक लाकडी पेटी. कोपऱ्यात खुंटी, तिच्यावर बाबांचं उपरणं आणि पगडी. एक खिडकी. संपलं. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी नगरवाचनालयात नोकरीला, दिवसभर पुस्तकांत. बाबा दिवसभर त्या खोलीत.

आणि ते करायचे काय? चालायचे. हो, चालायचे! उद्याचं आख्यान आज चालत चालत बसवायचे. खिडकीशी जायचे, हात उंचावायचे, काही बोलायचे. तिथून दाराच्या उंबऱ्याशी यायचे, आवाज खाली आणायचे. मग वळून खुंटीच्या कोपऱ्यात. शाळेत असल्यापासून मी स्वयंपाकघराच्या दारात बसून अभ्यास करायची आणि ऐकायची. आमच्या फरशीला दोन ठिकाणी, ते जिथं वळायचे तिथं, पायांनी अशी झिलई चढली होती की दिवा लावला की तिथं आधी उजेड दिसायचा.

पण मंडळी, हे मी आज सांगतेय. तेव्हा मला त्या खोलीत एकच गोष्ट दिसायची. काहीच नाही, ही!

आता माझ्या आत्याचा प्रवेश. बाबांची धाकटी बहीण, द्वारकाआत्या. त्या समोरच बसल्यात, दुसऱ्या ओळीत. त्यांना विचारून सांगतेय. सव्वादोन वर्षांपूर्वी, पौषात, आत्या आमच्याकडे आल्या आणि चटईवर बसताना गुडघे धरून म्हणाल्या, "दादा, तुझ्याकडे माणूस येतो तो उभ्या उभ्या जातो. माघात तुला पंचाहत्तर पूर्ण होताहेत. लोक घरी येतील, शाल घालतील. फोटो काढतील रे! तुझ्या मागं भिंत दिसेल नुसती."

बाबा म्हणाले, भिंत चांगली आहे, माझ्या आधीपासून उभी आहे.

आत्या हसल्या. मी हसले नाही. मला ते लागलं. वाचनालयातल्या मैत्रिणींची घरं डोळ्यांपुढं आली. चार लोक येणार आणि बापाला बसायला खुर्ची नाही, लेक इतकी वर्षं कमावते ती कशासाठी? त्या दिवसापासून मी फोनवर घरं बघायला लागले. तुम्ही बघता का? एक घर बघितलं की तो फोन दहा दाखवतो. काय एकेक दिवाणखाना! उशा कशा, दिवे कसे! माझ्या एक गोष्ट लक्षात यायला हवी होती, आली नाही. त्या एकाही घरात माणूस नव्हता.

माघ उजाडेपर्यंत मी सगळं आणलं. सोफा, तिघांचा एक आणि एकेकट्याचे दोन. काचेचं टेबल. गालिचा. पडदे. उभा दिवा. आणि काचेची दारं असलेली मोठी शोकेस, तिच्यात ठेवायला काही नव्हतं म्हणून ठेवायच्या वस्तूही आणल्या! खुंटी शोकेसच्या आड येत होती, ती सुताराकडून काढवली. उपरणं-पगडी आतल्या कपाटात. बाबा तेव्हा दोन दिवस साताऱ्याला होते. परत आले, दारात उभे राहिले. मी बाजूला उभी, लहान मुलीसारखी, आता काय म्हणतील म्हणून.

ते म्हणाले, "छान लावलंस, मंदा." आणि सोफ्याच्या कडेवर बसले. दवाखान्यात आपला नंबर यायचा असतो ना, तेव्हा बसतो तसे.

समारंभ झाला. फोटो झकास आले! आत्या खूश. आणि त्यानंतर बाबा चालायचे थांबले. मी विचारलं तर म्हणाले, आता सगळं पाठच आहे. मला बरं वाटलं. वाटलं, आता आराम करताहेत, करू देत. सकाळी ते सोफ्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचे, संध्याकाळी तेच पुन्हा वाचायचे. दोन महिने घरात बाबांचा मोठा आवाज झाला नाही, हे माझ्या कानांना कळलं होतं. मला नाही कळलं.

मग चैत्र आला. रामनवमी आली. तुमच्यातले पुष्कळ जण त्या दिवशी इथं होतात. आख्यान होतं भरतभेटीचं. भरत निघाला, गंगा ओलांडली, चित्रकूटापाशी आला, लांबून रामाची पर्णकुटी दिसली. आता धाकटा भाऊ धावणार आणि थोरला त्याला उचलणार! बाबा वळले, हात पुढं केला, आणि थांबले.

हात तसाच. तोंडातून शब्द नाही.

तुम्हाला वाटलं, बुवांचा कंठ दाटला. कितीतरी जणांनी डोळे पुसले. मी या खांबाला टेकून बसले होते. मला त्यांचे डोळे दिसत होते. ते भरले नव्हते. ते काहीतरी शोधत होते. हणमंतकाकांनी ओळखलं, पेटीवर गजर धरला, तुम्ही टाळ्या धरल्या, निभावलं. भरत मात्र त्या वर्षी रामाला भेटलाच नाही.

घरी येऊन बाबांनी धोतराची घडी घातली आणि म्हणाले, देवस्थानाला सांग, पुढच्या वर्षी दुसरे बुवा बघा. मी उतरलो.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. बाबांनी केले, मला जमले नसते. वयाच्या मानानं उत्तम, म्हणाले. मग झालं काय? मला रात्रंदिवस एकच भीती. ज्या माणसाचं सगळं आयुष्य उभं राहण्यात गेलं, तो आता बसला. आणि बसला तर राहील किती दिवस?

आठव्या दिवशी हणमंतकाका घरी आले. समारंभाला ते बाहेरगावी होते, त्यामुळे नवं सामान आल्यापासून पहिल्यांदाच येत होते. पेटी हातात. ठेवायची कुठं ते कळेना. गालिच्यावर ठेवली, उचलली, टेबलावर ठेवू गेले, काच पाहून मागं घेतली. मग खोलीभर नजर फिरवली आणि खुंटीच्या कोपऱ्याकडे बघून बाबांना विचारलं, "बुवा, चित्रकूट कुठाय?"

बाबा म्हणाले, "शोकेसच्या मागं."

"आणि लंका?"

"लंकेवर आपण बसलोय. दंडकारण्यावर गालिचा पडलाय."

दोघं हसायला लागले, म्हणजे असे हसले की बाबांना ठसका लागला. मी पाणी घेऊन आले आणि उभी राहिले. मला काही कळेना. तेव्हा काकांनी मला ती खोली दाखवली, मंडळी. माझीच खोली, मला! खिडकी म्हणजे अयोध्या. दाराचा उंबरा, गंगेचा काठ. तिथून राम बाहेर पडतो. खुंटीचा कोपरा चित्रकूट. मधली मोकळी फरशी सगळं वन. मागची भिंत लंका. स्वयंपाकघराचं दार, जिथं मी बसायची, ती किष्किंधा. बाबांनी कधी ओळी पाठ केल्याच नव्हत्या. ते त्या त्या जागी जायचे आणि तिथं ते ते घडत असायचं. मग देवळात आले की डोळ्यांपुढं तीच खोली उभी करायचे. आणि खुंटीकडे वळले की समोर यायला लागली काच. काचेत चिनीमातीचे दोन हंस!

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

ते ग्लास हातात धरून बसले होते. म्हणाले, "तू एवढ्या हौसेनं आणलंस. मला वाटलं, लेक सांगतेय आता बसा. तर बसावं."

मंडळी, मी तिथल्या तिथं टेम्पोवाल्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. सोफा गेला कुठं? ज्यांनी त्याची आठवण काढली होती त्यांच्याकडेच! आत्या, तुमच्या सोफ्याचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, हे सांगू की नको? नको म्हणतात. बरं, नाही सांगत! शोकेस वाचनालयाला दिली, तिच्यात आता जुने दिवाळी अंक आहेत. हंस शेजारच्या मुलींनी भातुकलीत नेले.

पण ऐका, गोष्ट इथं संपत नाही. मला वाटलं होतं, बाबा म्हणतील, सगळंच काढ. तसं नाही. उभा दिवा त्यांनी ठेवून घेतला. त्याच्या उजेडात वही नीट वाचता येते, म्हणाले. आत्यांच्या गुडघ्यांसाठी दोन घडीच्या खुर्च्या दारामागं ठेवल्या. सुतार पुन्हा आला, खुंटी पुन्हा ठोकली. आणि सगळं झाल्यावर मोकळ्या फरशीत उभे राहून बाबांनी मला विचारलं, "यात तुझं काय आहे गं?"

मी बघितलं. काहीच नव्हतं. आधीही नव्हतं. मी आणलेल्या त्या एवढ्या सामानातही माझं काही नव्हतं! माझी पुस्तकं आतल्या खोलीत खोक्यांत पडलेली. माणसानं जन्म ज्या घरात काढला, तिथं त्याची जागा कुठली, तर दाराची चौकट.

बाबा म्हणाले, मग चौकटीपाशीच लावू. सुताराकडून आईच्या जुन्या पलंगाच्या फळ्यांची मांडणी करून घेतली, बसक्या उंचीची, माझ्या हाताला लागेल अशी. मी म्हटलं, बाबा, तिथं तर किष्किंधा आहे. ते म्हणाले, "असू दे. वानर कुठंही राहतात."

पंधरा दिवसांत घरात मोठा आवाज आला. गेल्या वर्षी याच जागी बाबांनी पुन्हा भरतभेट लावली. वळले, हात पुढं केला, आणि भरत जो धावला! तुम्ही पाहिलंत. मी सांगायला नको.

कार्तिकात बाबा गेले. त्यावर जास्त बोलत नाही, बोलले तर आख्यान राहील. भेटायला माणसं आली, फरशीवर बसली. उभ्या उभ्या कुणी गेलं नाही. तासतासभर बसून होती.

तेरावं झाल्यावर सकाळी मी खोली झाडत होते. खिडकीशी पोचले आणि हात थांबला. तोंडातून दशरथाचे शब्द आले. उंबऱ्याशी आले, आवाज आपोआप खाली गेला. मी केरसुणी ठेवली आणि चालायला लागले. मी कीर्तन कधी शिकले नाही, मंडळी. पण ती खोली मला येत होती. देवस्थानानं विचारलं, यंदा कुणाला बोलवायचं? तेव्हा हणमंतकाकांनी परस्पर माझं नाव सांगून टाकलं. म्हणून आज मी इथं आहे.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही म्हणाल, बाईंनी सोफा काढा म्हणून सांगितलं. मुळीच नाही! बसायला लागतो तर जरूर ठेवा. दिवा तर आम्हीही ठेवला. एवढंच करा. आज घरी गेलात की दारात जरा थांबा आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा, या घरात तुझी जागा कुठली? सासूबाईंना विचारा, मुलीला विचारा, दिवसभर स्वयंपाकघरात असते तिला विचारा. कुणी पटकन बोट दाखवील, तिथं काही नवं आणून ठेवू नका. आणि कुणाला उत्तर देता आलं नाही, तर बाजारात जायच्या आधी त्या माणसाशेजारी थोडं बसा. मी दोन महिने बसले नाही.

आणि एक. मघाशी पूर्वरंगात मी या खांबापाशी वळले आणि क्षणभर गप्प झाले. काही जणांनी एकमेकांकडे बघितलं, मला दिसलं. विसरले नव्हते मी. इथं माझा चित्रकूट येतो, खुंटीचा कोपरा. तिथं बाबा उभे होते. त्यांना वाट दिली.

उठा मंडळी, हणमंतकाकांनी सूर धरलाय. आरतीचं तबक सगळीकडे फिरू द्या. फक्त या खांबापाशी उभे आहात ना, ते जरा सरका. दोन पावलं. हं, तेवढी जागा मोकळी राहू द्या.