नाव घेऊन प्रार्थना

आमच्या पास्टरजीची गंमत सांगतो. मारेगावकडं कपाशीवर बोंडअळी पडली त्या सालची. रविवारी त्यायनं उपदेश केला, "ही भूमी देवाची आहे, तिला विष पाजू नका." सोमवारी चर्चच्याच कपाशीवर जहाल औषध फवारायले माह्या भाऊजीले धाडलं, तेही तोंडाले फडकं न देता. भाऊजी वावरातच चक्कर येऊन पडले.

पास्टरजी दवाखान्यात आले, डोये मिटले अन् म्हणाले, "प्रभू, ज्याच्या हातून हे घडलं त्याला क्षमा कर."

माही बहीण रूथताई उशाशीच बसली होती. म्हणाली, "नाव घ्या ना, पास्टरजी. कोणाले माफ करायचं, देवाले कसं कळन?"

"प्रभू, आम्हा सर्वांना..."

"सर्वायनं नाही, तुमीच धाडलं यायले."

तेवढ्यात खाटेवरून भाऊजी शुद्धीवर आल्यावर पह्यल्यांदाच बोलले, "आमेन!"