रेकॉर्डवरचं कुंकू

मला विनाकारण राग येतो म्हणता ना, मग हे ऐका. साठ सालानंतरची गोष्ट. एक विलायती लोकगायक होता, गाणी स्वतःच रचून गिटारवर म्हणायचा. त्याची रेकॉर्ड माझ्या भावानं लंडनहून पाठवली होती. मी तिला कोणाचं बोटसुद्धा लागू देत नसे.

खंडेनवमीला अकोल्याहून अमरावतीला घरी आलो. आत्यानं विळी, कात्री, शिलाई मशीन पूजेला मांडलेलं आणि त्याच रांगेत माझी रेकॉर्ड. तिच्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आत्या, हे काहून केलं?"

"अवजारायची पूजा नाई करत का आपण?"

"रेकॉर्ड काय अवजार आहे?"

"त्या गाणाऱ्याचं पोट कशावर भरते मंग? तिकडं त्याच्यासाठी कोणी पूजा करत नसन, म्हून मी केली."

पुसून पुसून लावली, तर सुई कुंकवावर अडकली आणि गडी एकच ओळ घोकत बसला. मी दात ओठ खात उभा. आत्यानं मात्र हात जोडले.

"पाय बरं, कसा नामस्मरणाले लागला."

मग त्याच गायकाची दुसरी रेकॉर्ड मागवली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुढच्या खंडेनवमीला आत्यानं कुलपाची पूजा केली. भोकात इतकं कुंकू भरलंय, की किल्ली अजून फिरत नाही.