धारवाल्या सायकलचा विमा

नाई, पण फॉर्मवर असं विचारलं असन तर माणसानं काय सांगावं, तुम्हीच सांगा! "चोरी होऊ नये म्हणून कोणती खबरदारी घेता?" मी खरं ते सांगतलं. म्हटलं, डाहळी ठेवतो. दिनेशचा पेन जो थांबला, जो थांबला... विमा एजंट हाय तो, आमच्या चामोर्शीचाच, टाय बांधून फिरते, ह्या उन्हात टाय! म्हणे, "मुश्ताकचाचा, कुलूप लिहू का?" अरे, कुलूप नव्हतंच तर कुलूप कसं लिवतं बाप्पा? तो माह्याकडं पाहून राह्यला, मी त्याच्याकडं. तुम्हाले सांगतो, मले काई वाटलं नाई.

आता तुम्ही म्हणान, डाहळी काय भानगड हाय? अवो, मी धारवाला. विळे, चाकू, कुऱ्हाडी, कात्र्या. सायकल म्हणजे माही सवारी नाई, दुकान हाय! स्टँडवर चढवली, पट्टा दगडाच्या चाकाले लावला, पायडल मारलं का ठिणग्या. अब्बानं आपल्या हातानं बनवली होती. वीस साल मी ती घेऊन घोट गावाच्या पुढं जंगलातल्या गावागावांत फिरलो, कुलूप कसं असते ते पाह्यलं नाई. तिकडं रीतच हाय ना! कोणी लाकडाची मोळी बांधली, मोहाची फुलं येचून ढीग केला, वर एक हिरवी डाहळी ठेवली का संपलं. मालक हाय ह्याले, हात नाई लावायचा. इतवारीभाऊ म्हणून एक म्हातारे हायेत तिकडं, त्यायनं मले शिकवलं. "मुश्ताक, हँडलले डाहळी खोच न् जा जेवाले." मी खोचली, जेवलो. वीस साल जेवलो!

अन् मागच्या महिन्यात आपल्याच गावच्या बाजारात, आपल्याच घरापासून दोनशे पावलांवर... चहा प्यायले उतरलो. आदतच पडली होती ना, डाहळी खोचली न् गेलो. एक कट चहा! किती वेळ लागते? वापस आलो तं सायकल नाई. डाहळी हाय! बाजूले, साजरी जमिनीवर ठेवलेली, अन् उडू नये म्हणून वरून गोटा! म्हणजे चोर आपल्याच इकडला न् जी! रीतभात माहीत असलेला माणूस! बाहेरचा असता तर फेकून देल्ली असती का नाई?

घरी आलो, बायकोले, खुर्शीदाले सांगतलं. ती रडली, शेजारच्या नीलाबाई रडल्या, मी तीन भाकरी खाल्ल्या. खुर्शीदा म्हणे, "अजी, रो लो ना थोडंसं, लोग क्या बोलेंगे?" आता येत नाई तं कुठून आणू? अब्बाची सायकल होती, मले काई वाटाले पाहिजे का नाई? पाहिजेच! पण आतून सारं सुन्न. दाताच्या डाक्टरनं सुई मारल्यावर गाल असते ना, तसं. बोट लावा, चिमटा घ्या... मले काई वाटत नाई.

मंग साळा जाहिद, त्यानं आपली जुनी सायकल देल्ली, चाक बसवून देल्लं, पट्टा देल्ला. म्हणे, "भाईजान, धान कापणीवर आलं, उठा आता." बरोबर हाय त्याचं. कापणीचा एकच महिना, गावागावचे विळे माह्यापुढं येतेत, तेवढ्यावर आमचं वर्ष. आता हीपण गेली तर? म्हणून म्हटलं, विमा. म्हणून तो दिनेश. म्हणून तो टाय!

दिनेश म्हणे, "चाचा, तीन प्रकारे होईन. सायकल म्हणून काढा. मग उभी असताना ती न हलणाऱ्या वस्तूला कुलपानं बांधलेली पाहिजे." म्हटलं, माही सायकल उभी असते तेव्हाच तं कमावते रे! कुलूप लावून पायडल कसं मारू? म्हणे, "मग दुकान म्हणून काढा. पण दुकानाला चार भिंती पाहिजे." म्हटलं, भिंती घेऊन चढावर कसा चढू? म्हणे, "मग घरसामानात घालू. कपाट, पंखा, सायकल. सगळ्यात साधं. फक्त चोरी घरातून व्हायला पाहिजे." मी इचार केला. घरी खुर्शीदा राह्यते, कडी राह्यते. म्हटलं, लिव घरसामान. केली सही.

आता सायकल घरात हाय. पंख्याखाली, खांबाले साखळीनं बांधलेली. खुर्शीदा तिच्यावर दुपट्टे वाळू घालते. बाहेर काढाची हिंमतच होत नाई. काढली न् गेली तर दिनेश म्हणन, घरातून कुठी गेली?

अन् मी? मी हातानं धार लावाचा दगड, निसणा, थैलीत टाकून पायी निंघतो. काल घोटाच्या पुढं गेलो तं तिकडल्या एका गावची सुकरीबाई विचारते, "का जी मुश्ताकभाऊ, सायकल कुठी?" म्हटलं, घरी हाय. "काऊन?" म्हटलं, चोरी जाईन म्हणून. तिनं सारं गाव पाह्यलं, जंगल पाह्यलं, मले पाह्यलं. "अवो, इथी कोण नेते?" मी तिचा विळा घेतला न् घासाले बसलो. एका विळ्याले अर्धा घंटा. तिच्यामागं सतरा बाया विळे घेऊन उभ्या, सूर्य डोंगराले टेकला, अकरा बाया बोथट विळे घेऊन वापस गेल्या. मी पाहत राह्यलो. मले काई वाटलं नाई.

रातच्याले खुर्शीदानं पायावर गरम पाणी टाकलं. म्हणे, "कितने सूजे है, दुखते नाई का?" सूज दिसते, दुखत नाई. पण कापणीचे अजून बावीस दिवस हायेत. म्हणून आज सकाळी दिनेशले फोन लावला. म्हटलं, बाबा, पायाचा विमा निघते का? म्हणे, "निघते ना चाचा!" खूश झाला बिचारा. म्हटलं, काढ मंग. फक्त आधीच सांगून दे, तेपण घरीच ठेवा लागतीन का?