पिंप्राळ्यातलं एक जुनं कनेक्शन

नव्या इंटरनेट पत्त्यांचा विषय काढलास म्हणून सांगतो. जळगावात आम्ही घराघरांत इंटरनेट देतो. जुने पत्ते पुरेनात, म्हणून शहरातला पिंप्राळा भाग नव्या पत्त्यांवर नेत होतो. सगळं नेटवर्क ऑफिसातल्या एका सॉफ्टवेअरमधून चालतं, त्यामुळे घरोघरी जायची गरज नव्हती. माझ्या शेजारी बसणाऱ्या महेंद्रने एक कॉलनी बदलली आणि लगेच तिथल्या एका अक्कांचा फोन आला.

"भाऊ, आबांजवळना कॅमेरा बंद पडना. पोऱ्या कॅनडामा शे, त्याले बापनं तोंड दिसत नही."

आबा, म्हणजे त्यांचे यजमान, अंथरुणाला खिळलेले. कॅमेरा जुना, त्याला जुनाच पत्ता कळायचा. महेंद्रने बसल्या जागेवरून तेवढ्या एका घरापुरता वेगळा नियम टाकला आणि चित्र परत आलं.

"अक्का, नवा कॅमेरा घेतला की सांगा. मग तुमचंही बदलू."

पुढे सगळा पिंप्राळा बदलला. साहेब विचारायचे, "ते एक घर कशाला मागे ठेवलंय?"

"राहू द्या साहेब. त्याचा कुणाला त्रास नाही," महेंद्र म्हणायचा.

एका दुपारी अक्कांचा पुन्हा फोन आला. स्पीकर चालू होता, मीही ऐकत होतो.

"भाऊ, आमनं घर आते बदली टाका."

"नवा कॅमेरा घेतला का, अक्का?"

"नही. आते कॅमेरानं काम नही ऱ्हायनं."

काम एका क्लिकचं होतं. महेंद्रने माऊसवरचा हात काढून घेतला.

"आज नको," एवढंच म्हणाला.