टाकीचे झाकण

भातकुलीच्या थांब्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या प्राध्यापक दामिनीबाईंपुढे झेंडूची पोती लादलेली जुनी मोटारसायकल बंद पडली. ती चालवणाऱ्या गोवर्धनाने प्रथेप्रमाणे आधी शिव्या दिल्या, मग किका मारल्या. मागे बसलेली त्याची बायको खाली उतरली.

“चंदा, कार्बोरेटर परत खोला लागते.”

“किती खेपा खोलता? टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाह्यलं का चालू होते, थोडं गेलं का बंद. अमरावतीचा बाजार उठला तं झेंडू कोन घेते?”

“तुले काय समजते त्यातलं?”

“झाकणाचं हवेचं भोक बुजलं, हवा नाई गेली तं पेट्रोल खाली उतरत नाई. पाहा, दसऱ्याचं हळदकुंकू वाळून बसलं.”

“पूजेचं हाय ते! हात नोको लावू.”

“मीच लावलं, मीच काढतो.”

तिने केसांतल्या पिनेने भोक कोरले. फुंकर आरपार गेली. गाडी सुरू झाली.

“पाह्यलं? काल कार्बोरेटर साफ केला, तो कामी आला,” गोवर्धन म्हणाला.

“सरका मांगं. आता मी चालवतो.”